श्रोता क्रमांक सतरा

४ मार्च

ठकूबाई,

आशीर्वाद आहेतच, ते काही दर वेळी पत्रातून धाडावे लागत नाहीत. तीन दिवस तू फोन करत होतीस म्हणे. अगं, फोनवर मला सुचत नाही हे किती वेळा सांगू? लिहायला बसलं की डोकं जागेवर राहतं. तूही लिही. तेवढंच अक्षर सुधारेल.

तू बनवलेला इशाऱ्याचा नवा आवाज आमच्या बाळांच्या खोलीतल्या मशिनांमध्ये बसवून पंधरा दिवस झाले. सगळ्याजणी खूश आहेत. मशिनांचा तो जुना ठणाणा गेला, बाळांच्या आया दचकत नाहीत, डॉक्टर म्हणतात आता इथे माणसासारखं बोलता येतं. आमची एक नवी सिस्टर आहे, दिवसभर चिवचिव चालू असते म्हणून मी तिला चिमणी म्हणते. ती म्हणाली, "सिस्टर, तुमच्या भाचीने जादू केली हो." मी म्हटलं, करेल नाही तर काय, माझ्या दादाची लेक आहे, नाक आमच्याकडचं आहे.

तरी एक विचारू? पूर्वी मशिनांना आपापला गळा होता. खिडकीकडचं घसा बसल्यासारखं खरखरायचं, दारालगतचं पत्रा घासल्यासारखं. पाठ वळलेली असली तरी कोण हाक मारतंय ते मला कळायचं. आता सगळ्यांचा गळा एकच. त्यात थोडी खरखर परत घालता येईल का? थोडीशीच. मी आपली जुनी, सवयीची गुलाम.

मंगळवारी दुपारी पाळी बदलताना एक गोष्ट झाली. आमच्याकडची बाळं दिवस भरायच्या आधी आलेली, मूठभर जीव. मधेच श्वास घ्यायचंच विसरतात. मशीन ओरडलं की तळपायाला टिचकी मारायची, मग आठवण होते आणि पुन्हा घेतात. तर त्या दुपारी चार नंबरचं बाळ निळं पडलं. चिमणी बाहेरून धावत आली आणि तिने टिचकी मारली. बाळ ठीक आहे. मी तीन नंबरच्या काचेच्या पेटीशी होते, त्याच्यापासून दोन हातांवर. माझं कशात तरी लक्ष होतं.

तेव्हापासून मला भीती वाटतेय. दादाला सांगू नकोस.

आत्या


७ मार्च

आत्या,

अक्षरावरून बोलणी खाऊन झाली, आता मुद्द्याचं.

आधी तुझ्या खरखरीबद्दल. घरात आई आणि मावशी एकाच सुरात, एकाच जोराने हाक मारतात, तरी 'आई बोलावतेय' म्हणून आपण उठतोच ना? सूर तोच, जोर तोच, मग वेगळं काय? त्याला आम्ही आवाजाचा पोत म्हणतो. मशीन किती मोठ्याने वाजावं आणि कोणत्या सुरात, हे नियमाने ठरलेलं आहे, त्याला मी हात लावू शकत नाही. पोत मात्र माझ्या हातात. पूर्वी तो बदलायला शंभर बारीकसारीक आकडे फिरवावे लागायचे, माणूस रडकुंडीला यायचा. आता कॉम्प्युटरला आम्ही ढीगभर आवाज दिले, ते ऐकून माणसांनी दिलेले गुण दिले, आणि तो त्यावरून शिकला. माझ्यापुढे राहिली एकच सरकपट्टी. एका टोकाला कर्कश, दुसऱ्या टोकाला सौम्य. मी पट्टी सरकवते, आतले आकडे तो स्वतः जुळवतो. कसे जुळवतो ते मलाही धड सांगता येत नाही, खरं सांगते.

कर्कश काय आणि सौम्य काय हे त्याला चाळीस माणसांनी शिकवलं. तुझ्या हॉस्पिटलातल्या सात जणींना तूच तर हेडफोन लावून बसवलंस. शून्य म्हणजे अजिबात त्रास नाही, दहा म्हणजे कान किटले. आमचे साहेब अजून म्हणतात, तुमच्या आत्यांचा गठ्ठा सगळ्यांत टापटीप.

आता भीतीचं. मशीन आपली नोंद ठेवतं आणि ती आमच्याकडे येते. मंगळवारी दोन वाजून चार मिनिटांनी चार नंबर वाजायला लागला आणि बावन्न सेकंद वाजत राहिला. बावन्न, आत्या! आमच्या चाचणीत माणसं चार सेकंदांत वळली होती. तू दोन हातांवर होतीस म्हणतेस. मग काय झालं? एक तारखेला हाच आवाज आणखी अकरा हॉस्पिटलांत लागणार आहे, आणि साहेबांच्या पायाला आत्ताच भिंगरी लागली आहे. माझ्या आवाजात काही खोट असेल तर मला आत्ता कळायला हवं. नीट आठवून लिही, आणि लवकर.

ठकू


११ मार्च

ठके,

कालची पोर तू, माझी उलटतपासणी घेतेस? एकतीस वर्षं या खोलीत काढलीत मी. तुझ्या त्या कॉम्प्युटरने जितके आवाज ऐकले असतील त्याहून जास्त बाळं मी हातात घेतलीत. तुझ्या आवाजात काही खोट नाही. सगळ्यांना आवडलाय म्हटलं ना? मग एक दुपार धरून कशाला बसतेस?

झालं काय ते सांगते आणि विषय संपवते. चार नंबरचं बाळ चिमणीकडे होतं. ती पाळी संपल्याचं सांगायला बाहेर गेली आणि दारातच गप्पांत रमली. मशीन वाजलं, ती जागेवर नव्हती. मेट्रनबाईंनी तिला घरी बसवलं आहे. अठ्ठावीस तारखेला चौकशी आहे. मेट्रनबाईंची काचेची खोली आमच्या खोलीला लागूनच, तिथेच त्यांनी मला बोलावून विचारलं, "चिमणी जागेवर होती का?" मी म्हटलं, नव्हती. त्यांनी लिहून घेतलं, मी सही केली. खोटं काहीच सांगितलं नाही मी.

पोरीचे डोळे रडून सुजले होते. जाताना माझ्या पाया पडली गं. म्हणाली, "सिस्टर, तुम्ही होतात म्हणून मला वाटलं, पाच मिनिटं गेले तर चालेल."

मला हल्ली भूक लागत नाही. तू यातलं काही उकरू नकोस. तुझं काम चांगलं झालंय, पेढे वाट आणि गप्प बस.

आत्या


१५ मार्च

आत्या,

रागावलीस तर रागाव, पण मी उकरलं आणि त्यात सापडलंय.

चाळीस जणांचे गुण मी एकेक करून पुन्हा पाहिले. श्रोता क्रमांक सतराची ओळ विचित्र आहे. जाडेभरडे, खरखरीत आवाज आले की तिने नीट विचार करून गुण दिलेत, चार, सहा, नऊ. आणि बारीक, काचेसारखे, उंच उंच आवाज आले की शून्य. शून्य, शून्य, शून्य. ओळीने एकोणीस शून्यं! त्यातले काही आवाज इतके भयंकर आहेत की ते तयार करताना माझ्या दाढा आंबल्या होत्या. शुद्धीवरचा माणूस त्यांना शून्य देणार नाही. कंटाळून नुसत्या खुणा करत सुटली असणार बाई.

पण कॉम्प्युटरला कंटाळा कळत नाही. त्याने मान डोलावली आणि शिकला: जाड काढून टाका, बारीक भरा, की आवाज सौम्य होतो. पट्टीचं सौम्य टोक ते आहे. तुमच्या खोलीत जे वाजतंय ते त्या टोकाचं आहे.

चौदा ते वीस हे नंबर तुमच्याकडचे. कोणता कुणाला दिला ते फक्त तुला माहीत आहे. मला वाटतं सतरा म्हणजे चिमणी. जी बाळाला सोडून दारात गप्पा मारते ती असल्या कागदावर काय लक्ष देणार? साहेबांना मी अहवाल देणार आहे, त्यात तसं लिहिते. चौकशीतही उपयोगी पडेल.

काल न राहवून तुमच्याकडे फोन केला होता. मेट्रनबाईंनी उचलला. काय तुसड्या आहेत गं! मी विचारलं, त्या मंगळवारी तुम्हाला मशीन ऐकू आलं का? तर म्हणतात, "हो हो, छान चाललंय." मी म्हटलं, आत्याशी बोलता येईल का? "हो हो, छान," आणि फोन ठेवला.

मला हल्ली बावन्न आकडा दिसला की भीती वाटते. एक ते बावन्न मोजून बघ कधीतरी, किती लांब आहे ते.

ठकू


१८ मार्च

ठकू,

सतरा नंबर मी.

आता लिहून टाकते, नाहीतर परत धीर व्हायचा नाही.

चिमणीचं नाव कुठेही लिहू नकोस. तिचा नंबर वीस आणि ती जीव ओतून गुण देत होती, मी पाहिलंय. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघालीस, आणि चोर मी.

मला ते आवाज ऐकूच आले नाहीत. हेडफोन लावून बसले, पडद्यावर एकामागून एक आवाजांचे नंबर येत होते आणि कानात काही नाही. बाजूच्या बायका तोंडं वाकडी करून दहा-दहा लिहीत होत्या. मी काय लिहू? तुझ्या कागदावर तसा रकानाच नव्हता. कोरं सोडलं तर सगळ्यांना कळलं असतं. मला तर काही त्रास होत नव्हता, मग शून्य लिहिलं. हे कॉम्प्युटर मनावर घेईल, असं मला काय माहीत?

तीन वर्षं झाली असतील. आधी थर्मामीटरची टुकटुक गेली. मी दोन थर्मामीटर बिघडले म्हणून टाकून दिले, तिसऱ्याच्या वेळी लक्षात आलं. मग फोनवरचं बोलणं. म्हणून तुला पत्रं लिहायला लावते, अक्षर सुधारायला नाही. पण जुन्या आवाजाची मशिनं मला ऐकू यायची गं. त्यांचा तो खरखराट जाड होता, तो पोचायचा. त्यांच्या जिवावर निभत होतं. तुझा आवाज बसवायला माणूस आला, त्याने वाजवून दाखवला, सगळ्या हसल्या, 'किती गोड' म्हणाल्या. मीही हसले. मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

त्या मंगळवारी मी तीन नंबरचा टॉवेल बदलत होते. पाठ चारकडे होती. बाळ निळं पडत होतं, मशीन ओरडत होतं, आणि मी टॉवेलाच्या घड्या घालत होते. चिमणी धावत आली तेव्हा वाटलं, ही एवढी का धावतेय?

आता मी पाठ वळवत नाही. सात पेट्या आहेत. एकेका बाळाच्या छातीवर तळहात ठेवून श्वास मोजते, मग पुढची, मग पुढची. सातव्यापाशी पोचले की वाटतं पहिल्याचं काय झालं असेल, की धावत परत पहिल्याकडे. पाणी प्यायला जात नाही. बाकीच्या म्हणतात, सिस्टर किती मन लावून करतात. ठकू, मला फार भीती वाटते. रोज सकाळी दाराशी येते आणि पाय उचलत नाही.

निवृत्तीला आठ महिने राहिलेत. बहिरी म्हणून हाकलतील, आणि ती सही केली म्हणून तोंडावर थुंकतील. माझंही नाव लिहू नकोस. तू आपली काहीतरी युक्ती कर आणि आवाज बदलून टाक. एवढं कर माझ्यासाठी.

आत्या


२१ मार्च

आत्या,

तुझं पत्र वाचून आधी तुझा राग आला, मग माझा, आणि माझा अजून उतरलेला नाही.

रकाना नव्हता, खरं आहे. चाळीस माणसांना आवाज ऐकवायला बसवलं आणि 'ऐकू आला नाही' असं म्हणायला मी जागाच ठेवली नाही. आणि आणखी एक. तुझी ती ओळ मला महिन्याभरापूर्वीच खटकली होती. पण ती धरली की कॉम्प्युटर झटपट शिकत होता, आलेख देखणा येत होता, साहेब पाठ थोपटत होते. मी कानाडोळा केला.

परवा तुझे गुण काढून त्याला पुन्हा शिकवलं. पट्टीचं सौम्य टोक निम्मं हललं. निम्मंच, कारण तुझ्यासारख्या आणखी दोन ओळी निघाल्या, पंधरा आणि एकतीस. मग मी तुमच्या खोलीतला आवाज घेतला आणि साठीकडे झुकलेल्या कानाला जो भाग ऐकू येत नाही तो सगळा कापून वाजवला. आवाज मोजणारा काटा आधी वर होता तो खाली पडला, आणि खोलीत काही म्हणजे काही नाही. हेडफोन काढून बघितले, तार निघाली की काय म्हणून. तू रोज त्यात उभी असतेस.

साहेबांपुढे सगळं मांडलं. ते म्हणाले, "एका ओळीवरून एवढं रामायण? कुणी लेखी दिलंय का, की ऐकू आलं नाही म्हणून? नसेल तर एक तारीख ठरली ती ठरली." मी तुझं नाव घेतलं नाही.

युक्ती वगैरे काही नाही, आत्या. तुमच्या मशिनांत जुना आवाज अजून आहे, पण तो परत लावायचा क्रमांक एकट्या मेट्रनबाईंकडे असतो. तुला त्यांच्याकडे जावंच लागेल. आणि मला तुझ्या हातचा कागद हवाय, नावानिशी.

तू नाही गेलीस तर अठ्ठावीसला चौकशीत मी येऊन सांगणार. जन्मभर मला दारात उभी करू नकोस, चालेल. पण पाठ वळवायची भीती वाटते म्हणणारी बाई सात बाळांत एकटी उभी आहे, हे माहीत असून मी इथे जेवू कशी?

तोवर तळहात ठेवत राहा. प्लीज, कंटाळू नकोस.

ठकू


२५ मार्च

ठकू,

हे पत्र टपालाने नाही, चिमणीच्या हाती धाडतेय. ती कामावर परत आली आहे आणि स्वतःहून निघाली. तिला आधी दोन घास खायला घाल, मग कागद उघड. मी तिचे पाय धरायला गेले तर लांब पळाली. "काहीतरीच काय, सिस्टर," म्हणाली आणि रडली.

काल दुपारी गेले मेट्रनबाईंकडे. रात्रभर वाक्यं जुळवली होती, तिथे एकही आठवलं नाही. उभ्या उभ्याच म्हटलं, "बाई, नवा आवाज मला ऐकू येत नाही. त्या मंगळवारी मी दोन हातांवर होते. चिमणीचा दोष नाही, माझा आहे." मला वाटलं, आता उठतील आणि सगळ्यांसमोर माझी सालटी काढतील.

त्या म्हणाल्या, "दार लावा." मी लावलं. मग म्हणाल्या, "आता पुन्हा सांगा. माझ्याकडे तोंड करून, सावकाश."

मी सांगितलं. त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. किती वर्षं त्यांच्या हाताखाली काढली, पण ही बाई डोळ्यांना डोळा न देता ओठांकडे बघते, हे मला काल पहिल्यांदा कळलं.

तुझ्यासाठी लिहिलेला कागद मी त्यांच्यापुढे ठेवला: 'मी श्रोता क्रमांक सतरा. एकोणीस आवाजांपुढे मी शून्य लिहिलं. ते सौम्य होते म्हणून नाही. ते मला ऐकू आले नाहीत आणि ते सांगायची मला लाज वाटली.' खाली माझं नाव आणि सही. त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पेन उघडलं आणि माझ्या सहीखाली लिहिलं, 'श्रोता क्रमांक पंधरा. माझंही हेच.' आणि सही केली. तुझ्या पत्रात पंधरा वाचलं तेव्हा तो नंबर कुणाचा हे मी आठवूनही पाहिलं नव्हतं.

म्हणाल्या, "त्या दिवशी हे दार उघडं होतं. बावन्न सेकंद मी इथेच बसले होते. पोरीला घरी बसवलं, कारण नाहीतर मला कुणीतरी विचारलं असतं."

मला हसू आलं की रडू, सांगता येत नाही. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि सवयीने काचेतून बाळांकडे पाहिलं. सहा नंबरचा लाल दिवा लागलेला होता. चिमणीच्या बदली आलेली मुलगी दुधाची बाटली जमिनीवर टाकून तिकडे धावत होती.

आम्ही पोचलो तेव्हा तिने टिचकी मारली होती. बाळाने श्वास घेतला, मग आणखी एक, मग रडलं. ते रडणं मला ऐकू आलं, देवाची कृपा. मेट्रनबाईंनी तिला विचारलं, "कधीपासून वाजत होतं?"

ती म्हणाली, "माहीत नाही, बाई. मी दूध आणायला गेले होते. तुम्ही दोघी इथेच होतात ना?"

मेट्रनबाईंनी त्याच पावली सातही मशिनांत क्रमांक घालून जुना आवाज लावला. घाईत दोनदा चुकला. आज खोलीत पुन्हा खरखराट आहे आणि आया कुरकुरताहेत. मला उद्यापासून कपड्यांच्या कोठीत बसवलंय, मीच मागून घेतलं. मेट्रनबाई वर जाऊन स्वतःचं सांगणार आहेत.

कागद घेऊन साहेबांकडे आजच जा, उद्यावर टाकू नकोस. ते म्हणतील, दोनच तर सह्या आहेत. मग त्यांना विचार, त्या अकरा हॉस्पिटलांत दुपारी दोनला पेट्यांपाशी कोण उभं असतं, आणि त्यांचं वय काय.

आत्या